केमो कडक की हलकी? कॅन्सरच्या उपचाराची मात्रा ठरवताना घरच्यांनी काय पाहावं

नागपुरात तुकडोजी असो, जामठा असो की मेडिकल, कॅन्सरच्या ओपीडीबाहेर दोन वाक्यं दिवसभर कानावर पडतात. "डॉक्टर, स्ट्राँग डोस द्या, एकदाचं मुळापासून जाऊ द्या" हे एक. आणि "बाबांचं वय झालं, हलकंच काहीतरी द्या" हे दुसरं. दोन्हींत माया आहे. मात्रा ठरवायला लागणारी माहिती मात्र दोन्हींत नाही.

मात्रा म्हणजे नुसते मिलिग्रॅम नव्हेत. औषधं एक की तीन, दर आठवड्याला की दर तीन आठवड्यांनी, फेऱ्या चार की आठ, शेक म्हणजे रेडिएशन पाच दिवस की सहा आठवडे, शेक आणि केमो एकत्र की एकामागून एक, ऑपरेशनमध्ये मानेच्या गाठी काढायच्या की नाही, हे सगळं त्यात येतं. निर्णय डॉक्टरच घेतात, पण त्यांना लागणारी निम्मी माहिती घरात असते आणि ती फाईलपर्यंत पोहोचत नाही. आधी उद्देश, मग शरीराची ताकद, मग रुग्णाची इच्छा आणि घराची सोय, आणि सगळ्यात शेवटी मिलिग्रॅम, असा क्रम ठेवायचा. बहुतेक घरं नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

आधी फाईलवर एक शब्द शोधा

मोठ्या केंद्रात सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. त्या नोंदीत 'क्युरेटिव्ह' किंवा 'पॅलिएटिव्ह' यांपैकी एक शब्द असतो. पहिला म्हणजे आजार पूर्ण काढून टाकण्याचा प्रयत्न. दुसरा म्हणजे आजार राहणारच आहे, तो जितका काळ दाबून ठेवता येईल तितका ठेवायचा आणि त्रास कमी करायचा. शब्द सापडला नाही तर सरळ विचारा: "हा उपचार आजार काढण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?" उत्तर तारखेसकट फाईलवर लिहून घ्या.

हे आधी का करायचं? काढण्याचा प्रयत्न असेल तर दोन-तीन महिन्यांचा मोठा त्रास सोसण्यात अर्थ असतो. आटोक्यात ठेवायचं असेल तर हिशेब बदलतो. मिळालेले महिने दवाखान्याच्या खाटेवर गेले, तर मिळालं काय?

आता विदर्भात सगळ्यात महाग पडणारी चूक. खर्ऱ्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मुबलक. गालातली गाठ जबड्याच्या हाडात शिरली किंवा मानेत एकाहून जास्त गाठी आल्या, की रिपोर्टवर 'स्टेज ४ ए' येतं. घरात '४' एवढंच ऐकू येतं, कुणीतरी म्हणतं, "चौथी स्टेज म्हणजे संपलं," आणि माणूस गावी परत जातो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ४ ए हा ऑपरेशन करता येणारा, बरा करण्याच्या उद्देशाने उपचार होणारा टप्पा आहे. आजार फुप्फुसात किंवा दुसऱ्या अवयवात पसरला असेल तर तो ४ सी. लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सरही, चौथ्या स्टेजला बरा होऊ शकतो. म्हणून आकड्यापुढचं अक्षर आणि आजाराचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका.

अंगात बळ किती, ते मोजायचं कसं

जगभरचे कॅन्सरतज्ज्ञ ईसीओजी नावाची पट्टी वापरतात. ० म्हणजे पूर्वीसारखं सगळं काम. १ म्हणजे जड काम जमत नाही, हलकं जमतं. २ म्हणजे स्वतःचं सगळं आवरतो, काम मात्र जमत नाही, पण जागेपणीच्या निम्म्याहून जास्त वेळ हिंडता-फिरता असतो. ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत, आणि स्वतःचं आवरणंही अर्धवट. ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. ठोकळ मानाने ० आणि १ ला पूर्ण मात्रा, २ ला विचार करून बदललेली, आणि ३-४ ला नेहमीची केमो सहसा फायद्यापेक्षा तोटाच जास्त करते.

घोळ होतो तो मोजण्यात. ओपीडीच्या दिवशी बाबा दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात, डॉक्टरांसमोर दहा मिनिटं ताठ बसतात आणि "बरं आहे" म्हणतात. फाईलवर १ लिहिला जातो. घरी खरा आकडा ३ असतो. म्हणून भेटीआधी सात दिवस एक कागद भरा. उठले किती वाजता, झोपले किती वाजता, मधे किती तास आडवे होते, आंघोळ स्वतः केली का, जेवण किती, वजन किती. पहाटे ५ ला उठून रात्री ९ ला झोपले तर जागेपणाचे १६ तास. त्यातले ९ तास खाटेवर गेले असतील तर निम्म्याहून जास्त झाले, म्हणजे ३ कडे झुकलं. रुग्णासमोर हे बोलायला अवघड वाटत असेल तर कागद फाईलमध्ये वर लावून द्या, डॉक्टर वाचतात.

आकडा वाईट आला म्हणून लगेच केमो हलकी करू नये. बळ गेलं कशामुळे, ते आधी शोधायचं. दुखण्यामुळे झोप नाही, हिमोग्लोबिन ७ वर आलंय, रक्तातलं सोडियम उतरलंय, घास गिळता येत नाही म्हणून पोटात अन्न नाही, ही कारणं दुरुस्त होतात. दुखण्याचं औषध, रक्त, नाकातून अन्नाची नळी, आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजणी. लिम्फोमा किंवा फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये तर आजारानेच माणूस आडवा पडलेला असतो आणि केमोनेच उठून बसतो. तिथे केवळ ३ आकडा पाहून उपचार नाकारणं चूक. उलट पाच वर्षांपासून दम्याने आणि हृदयाने थकलेल्या माणसाचा ३ हा केमोने सुधारणारा नाही.

वयाचंही असंच. धंतोलीत रोज तीन किलोमीटर फिरणारे ७६ वर्षांचे काका आणि मधुमेहाने थकलेले ६२ वर्षांचे काका यांच्यात केमो कुणाला जास्त झेपेल, हे सांगायला वय पुरत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी जी-८ नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे. एकूण गुण १७. १४ किंवा त्याहून कमी आले तर सविस्तर तपासणी हवी. पाच-सात मिनिटांचं काम आहे, ओपीडीत मागून घ्या. घरी एवढं तरी सांगता यायला हवं: गेल्या सहा महिन्यांत एकदाही पडले का? गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतात का? चौकापर्यंत चालत जाऊन येतात का? ऐकू कमी येतं का? लोकांत मिसळणं कमी झालंय का? केमोचा त्रास किती होईल याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीत हे प्रश्न हिमोग्लोबिन आणि किडनीच्या बरोबरीने मोजले जातात. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा तपासणीचा अहवाल डॉक्टरांच्या हाती दिल्यावर गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. पहिल्या फेरीपासून मात्रा बेताची ठेवली गेली होती, तरी सहा महिन्यांच्या आयुष्यात फरक पडला नाही.

क्रिएटिनिन 'नॉर्मल' आहे, म्हणजे किडनी ठीक आहे?

इथे थोडं थांबू, कारण रिपोर्टवर लाल खूण नसते आणि सगळे निश्चिंत होतात.

समजा, गोंदियाकडच्या ६८ वर्षांच्या आजी. वजन ४५ किलो, उंची १५० सेंटिमीटर, क्रिएटिनिन १.०. लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. आता हे सूत्र लावा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाईमाणूस असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. १४० मधून ६८ गेले, ७२ उरले. ७२ गुणिले ४५, भागिले ७२, म्हणजे ४५. त्याला ०.८५ ने गुणलं की साधारण ३८. ही किडनीची मिनिटाची गाळण्याची ताकद, मिलिलिटरमध्ये. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पूर्ण मात्रेत द्यायला ती साधारण ५० ते ६० च्या वर लागते. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टच्या आजींना पूर्ण सिस्प्लॅटिन बसत नाही. त्यांना दुसरं औषध किंवा दुसरं वेळापत्रक हवं.

केमोची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर मोजतात. उंची गुणिले वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. आजींचं येतं १.३७ चौरस मीटर. दोन महिन्यांत वजन ४५ चं ३९ झालं तर ते १.२७ च्या आसपास येतं. जुन्याच वजनावर डोस चालू राहिला, तर न ठरवताच मात्रा वाढली. म्हणून दर फेरीला काट्यावर वजन, चपला काढून, आणि फाईलवर नवा आकडा. दहा टक्क्यांच्या वर फरक पडला तर "डोस नव्याने काढला का?" हे विचारायचंच.

विदर्भासाठी आणखी एक तपासणी, जी मुंबई-पुण्याच्या यादीत हमखास असेलच असं नाही: सिकलसेल. आपल्या भागात वाहक आणि ग्रस्त दोन्ही भरपूर आहेत. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जी इंजेक्शनं देतात, ती सिकलसेल ग्रस्त, म्हणजे एसएस असलेल्या रुग्णात जीवघेणा झटका आणू शकतात. शरीरातलं पाणी कमी झालं तरीही तेच. घरात कुणाला सिकल आहे, लहानपणी सांधे दुखून ॲडमिट व्हायचे, असं काही असेल तर पहिल्याच भेटीत बोला. चाचणी साधी आहे.

बाकी तपासण्या भराभर: डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही औषधं असतील तर आधी हृदयाची टूडी इको. सिस्प्लॅटिनआधी कानांची तपासणी. केमोआधी हिपॅटायटिस बीची चाचणी, कारण केमोत तो दडलेला विषाणू उसळतो. मधुमेही असाल तर केमोआधीच्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने दोन-तीन दिवस साखर चढते, तेव्हाचं इन्सुलिन आधीच ठरवून घ्या. आणि वैद्याची पुडी, भस्म, काढा काहीही चालू असेल ते सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं, तर लिव्हर का बिघडलं ते कळायला तीन आठवडे जातात.

जिथे कमी करणं महाग पडतं

हल्ली 'कमी उपचार, चांगला उपचार' असं बरंच वाचायला मिळतं. ते काही ठिकाणी खरं आहे, सगळीकडे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ चा अभ्यास पाहा. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही, पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिका गाठी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. "मानेवर कट कशाला, गाठ तर तोंडात आहे," असं म्हणून नकार देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या केमोत, ठरलेल्या मात्रेपैकी ८५ टक्के तरी पोटात गेली अशा बायकांना फायदा झाला. ६५ टक्क्यांच्या खाली गेली, त्यांच्यात केमो न घेतलेल्यांपेक्षा फरक जवळजवळ नव्हता. इटलीतल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून १९९५ मध्ये पुढे आलेली ही गोष्ट आहे. म्हणजे बरं करण्यासाठीची केमो भीतीने अर्धी करणं हा मधला मार्ग ठरत नाही. त्रास सगळा होतो, फायदा जातो.

तोंड-घशाच्या शेकात सुट्टी तर अजिबात नको. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. मधे दिवस पडले की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी जोमाने वाढतात, आणि पडलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा थोडी जास्त घटते. पोळा, मारबत, घरचं लग्न ही कारणं शेकाच्या वेळापत्रकाला लागू नाहीत. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली, तर भरपाई कशी करणार हे विचारा. शनिवारी किंवा दिवसातून दोनदा शेक देऊन ती करता येते. दात काढायचे असतील तर ते शेक सुरू व्हायच्या दहा-चौदा दिवस आधी. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.

याच शेकासोबत सिस्प्लॅटिन देतात. तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर ही जुनी, कडक पद्धत. टाटाच्या २०१८ च्या अभ्यासात दर आठवड्याचे ३० मिलिग्रॅम तिच्यापुढे कमी पडले. ऑपरेशननंतरच्या रुग्णांत दर आठवड्याचे ४० मिलिग्रॅम जपानच्या अभ्यासात तोडीस तोड ठरले. म्हणून 'हलकं साप्ताहिक' असं ऐकलं की आकडा विचारा. ३० आणि ४० मध्ये फरक आहे. सिस्प्लॅटिन मुळीच बसत नसेल, वरच्या आजींसारखं, तर साप्ताहिक डोसेटॅक्सेल १५ मिलिग्रॅमचा पर्याय आपल्याच देशात तपासला गेला. नुसत्या शेकाच्या तुलनेत दोन वर्षांनी हयात असलेले ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले.

जिथे कमी पुरतं

स्तनाच्या ऑपरेशननंतरचा शेक पूर्वी २५ दिवस चालायचा. १५-१६ दिवस तेवढेच चांगले ठरले, आणि ब्रिटनच्या २०२० च्या अभ्यासानंतर योग्य रुग्णांत पाच दिवसांत २६ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप) हाही पर्याय आला. गडचिरोलीहून येणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे आणि एक आठवडा यांत नोकरी, शेती आणि मुलांची शाळा एवढा फरक आहे. हा प्रश्न विचारल्याशिवाय तारखा घेऊ नका.

पासष्टीपुढच्या बाईची गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत, काखेत काही नाही, हार्मोनला साथ देणारी, आणि ती पाच वर्षं हार्मोनविरोधी गोळी नियमित घेणार असेल, तर शेक टाळल्याने आयुष्य कमी होत नाही. मात्र त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण दहा वर्षांत सुमारे १ टक्क्यावरून साडेनऊ टक्क्यांवर जातं. हा सौदा कुणाला पटेल, कुणाला नाही. तो त्या बाईनेच करायचा. लिहून दिलेल्या गोळ्या डब्यात तशाच राहणार असतील तर करू नये.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या स्टेजच्या कमी जोखमीच्या गटात कॅपॉक्स (कॅपेसिटाबिनची गोळी आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन) सहा महिन्यांऐवजी तीन महिने पुरते. हातापायाची त्रासदायक बधिरता त्यात सुमारे ४५ ऐवजी १५ टक्क्यांनाच होते. धान लावणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या माणसासाठी हा मोठाच फरक. हाडात पसरलेल्या आजाराच्या दुखण्याला ८ ग्रेचा एकच शेक दहा शेकांइतकाच आराम देतो. काहींना पुन्हा द्यावा लागतो, पण ते एका दिवसात येऊन जातात.

पसरलेल्या आजारात, अशक्त किंवा वयस्क रुग्णांसाठी सगळ्यात कामाचा अभ्यास ब्रिटनमधला आहे, ५१४ रुग्ण, अन्ननलिका आणि जठराचा कॅन्सर. पहिल्या फेरीपासूनच पूर्ण मात्रेच्या ६० टक्के दिलेल्यांचा आजार तितकाच काळ आटोक्यात राहिला, आणि त्रास कमी झाला. तोंड-घशाच्या पसरलेल्या आजारात आपल्याकडे मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी आणि सेलेकॉक्सिब हा स्वस्त मार्ग सलाईनमधून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा कमी पडला नाही. गोळ्यांवरचे निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांहून जास्त जगले, सलाईनवरचे ६.१ महिन्यांहून. त्याच प्रकारच्या गोळ्यांना, त्यात एर्लोटिनिब धरून, निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर एका वर्षानंतर हयात असलेले १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीचा एक डोस २४० मिलिग्रॅमचा असतो. "इम्युनोथेरपी परवडत नाही" असं म्हणून विषय बंद करण्याआधी कमी मात्रेबद्दल विचारा. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं गेलं तर जीव जातो. ठरलेला वार कॅलेंडरवर खुणेने रंगवा, आणि बाकी पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा.

सुरू झाल्यावर: फेरीगणिक कमी-जास्त

मात्रा एकदाच ठरत नाही. पसरलेल्या आजारात आणि झेपेल का अशी शंका असलेल्या रुग्णात ६० ते ८० टक्क्यांनी सुरुवात, तीन आठवडे पाहणं, झेपलं तर वाढवणं, ही पद्धत चांगली. कडक सुरू करून पहिल्याच फेरीत आयसीयू पाहिलेला माणूस दुसऱ्या फेरीला येतच नाही.

पुढच्या फेरीला हिरवा दिवा मिळायला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १,००० ते १,५०० आणि प्लेटलेट ७५,००० ते १ लाख लागतात. औषधाप्रमाणे फरक पडतो. पेशी कमी आल्या तर एक आठवडा पुढे ढकलतात, पुन्हा तसंच झालं तर डोस ७५-८० टक्क्यांवर आणतात. दुष्परिणामांना १ ते ५ असे दर्जे आहेत, आणि डॉक्टर त्या भाषेत विचार करतात. म्हणून "जुलाब फार झाले" असं सांगू नका. "रोज एकदा जायचे, मंगळवारी आठ वेळा गेले" असं सांगा. नेहमीपेक्षा सात किंवा त्याहून अधिक वेळा जास्त म्हणजे तिसरा दर्जा. कॅपेसिटाबिनची गोळी मात्र नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले तरी त्या दिवसापासून बंद, आणि डॉक्टरांना फोन. तळहात-तळपाय लाल होऊन चमचा धरताना, चप्पल घालताना दुखायला लागले की गोळी थांबवून फोन करायचा. "कोर्स पूर्ण करू" म्हणून रेटलेल्या चार दिवसांत कातडी सोलून निघते. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइमच कमी असतं. त्यांना पहिल्याच फेरीत तोंड सोलणं, जुलाब आणि पेशी घसरणं एकदम होतं. डीपीवायडी नावाच्या तपासणीने ते आधी कळतं. करता येत असेल तर करा.

ताप हा वेगळा विषय. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी तळाला जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना. अँटिबायोटिकचं इंजेक्शन पोहोचल्यापासून तासाभरात मिळायला हवं. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहणं ही चूक जिवावर बेतते, कारण ताप उतरतो आणि जंतू रक्तात वाढत राहतात. आधी थर्मामीटर, मग फोन, मग गोळी.

तोंड आलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक-एक चमचा मीठ आणि खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी गुळण्या. भेटायला येणारे संत्री घेऊन येतात, आपलं गावच ते. सोललेल्या तोंडाला संत्र्याची फोड म्हणजे आग. सावजी रस्सा तर नकोच. मऊ वरण-भात, तूप, अंड्याचा बलक, ताकात भिजवलेली पोळी.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे, त्यात सिस्प्लॅटिन आणि उलट्या. दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो उतरलं तर गेलंय ते पाणी. लघवी गडद झाली, दिवसभरात तीनदाही झाली नाही, तर सलाईनसाठी जायचं. पुढच्या फेरीआधी क्रिएटिनिन पुन्हा तपासायचंच. शक्य असेल तर मे महिन्यातल्या फेरीची वेळ सकाळची मागा.

अंतर हीसुद्धा मात्रेतली एक बाब

भामरागडच्या घरी परत जाणाऱ्या रुग्णाला आणि वर्धा रोडवर राहणाऱ्याला एकच केमो एकसारखी सुरक्षित नसते. तापात तासाभरात अँटिबायोटिक मिळेल असा दवाखाना गावापासून किती दूर, हे डॉक्टरांना सांगा. तीन तास दूर असाल तर ते कमी पेशी पाडणारं वेळापत्रक निवडू शकतात, पेशी वाढवणारं इंजेक्शन आधीच देऊ शकतात, किंवा दुसरा आठवडा नागपुरात धर्मशाळेत काढायला सांगू शकतात. जवळच्या ग्रामीण रुग्णालयासाठी एक चिठ्ठी मागून घ्या: आजार, औषध, शेवटच्या केमोची तारीख, तापात कोणतं अँटिबायोटिक. मध्यरात्री तिथल्या डॉक्टरांना तेवढं पुरतं.

पैशांचं: महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये उपचार बदलला की मंजुरीही नव्याने लागू शकते. मात्रा किंवा औषध बदललं त्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्याला) भेटा, नाहीतर पुढची फेरी कागदासाठी अडते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्न न पाहता मिळतं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला सवलत. फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

ज्याच्या अंगावर जाणार आहे, त्याला विचारलं का?

"बाबांना सांगू नका, खचून जातील." ही विनंती बहुतेक घरांतून येते. पण न सांगता मात्रा ठरवणं अशक्य आहे, कारण काय सोसायचं आणि कशासाठी, हे बाबाच सांगू शकतात. आकडे सांगायची गरज नाही. एवढं विचारा: "बाबा, तुम्हाला किती माहिती हवी? सगळं सांगू, की थोडं?" आणि मग, "उपचाराने चार महिने जास्त मिळणार असतील पण निम्मा वेळ दवाखान्यात जाणार असेल, तर चालेल का?" कुणी म्हणतं, "नातीचं लग्न वैशाखात आहे, तोवर काहीही करा." कुणी म्हणतं, "वावरात जाता आलं पाहिजे, बाकी तुम्ही पाहा." दोन्ही उत्तरांतून दोन वेगळी औषधं निघतात. हात बधिर करणारं औषध शिंप्याला नको असतं, आवाज घालवणारं ऑपरेशन कीर्तनकाराला.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजकेच ठेवा. हा उपचार घेतला नाही तर काय होईल? पूर्ण आणि कमी मात्रेत फायद्यात किती फरक पडेल, महिन्यांत सांगा. माझ्यासारख्या दहा जणांत किती जणांना ॲडमिट व्हावं लागतं? पहिला स्कॅन कधी, आणि त्यात काय दिसलं तर बदलायचं? या प्रश्नांना वेळ देणारे डॉक्टर कामात कितीही असले तरी वेळ देतातच. घाई वाटली तर दुसरं मत घ्यावं. फाईलची झेरॉक्स आणि बायोप्सीचे ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) सोबत न्यावेत, नुसते रिपोर्ट पुरत नाहीत.

वेदनाशमन आणि आधाराची सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, शेवटी बोलवायची गोष्ट नाही. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ती निदानापासूनच जोडली, तेव्हा रुग्ण शेवटच्या काळात कमी आक्रमक उपचार घेऊनही ११.६ महिने जगले. न जोडलेल्यांत ८.९. अमेरिकेतला २०१० चा अभ्यास. केमो चालू असतानाही त्या विभागाची चिठ्ठी मागता येते.

थांबायचं कधी

थांबण्याची तारीख सुरू करतानाच ठरवायची. पसरलेल्या आजारात दोन-तीन फेऱ्यांनंतर स्कॅन. आजार वाढला, तर तेच औषध मात्रा वाढवून पुढे रेटण्यात सहसा अर्थ नाही. आजार स्थिर पण माणूस खाटेवर, तर विश्रांती, कमी मात्रा किंवा गोळ्यांवर येणं. सात दिवसांच्या त्या कागदावर आकडा दोनदा लागोपाठ ३ किंवा ४ आला, आणि दुरुस्त करता येणारं कारण सापडलं नाही, की केमो थांबवण्याची बैठक घ्यायची. तीत रुग्ण, निर्णय घेणारा एक नातेवाईक आणि डॉक्टर असावेत. अमेरिकेतून फोनवर येणाऱ्या भाच्याला आधी वेगळं सगळं समजावून ठेवा, नाहीतर ठरलेलं त्याच रात्री मोडतं. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, अशी रुग्णाची इच्छा असेल तर ती लेखी करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष एवढं पुरतं.

केमो थांबली म्हणून फाईल बंद करू नका. दुखण्याची वही चालूच ठेवायची: ० ते १० मधला आकडा सकाळी आणि रात्री. मॉर्फिनची गोळी घड्याळाच्या वेळेवर द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठी जादा गोळी वेगळी लिहून घ्यायची. आणि मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही सुरू करायचं, तीन दिवस पोट साफ होत नाही असं कळायची वाट न पाहता.